कोयनेलसाठी केदारखेड्याहून जालन्याला

ताप दिवसाआड येत होता, मला सातवा महिना लागला होता, आणि आमच्याच आळीतली एक पोटुशी बाई अशाच हिवतापात लेकरासकट गेली होती. मालक म्हणाले, "उद्या तापाचा दिवस न्हाई. पहाटंच गाडी जुपतो." जालन्याला जायचं असं ठरलं.

भादवा सरत आला होता. या दिवसांत केदारखेड्याहून निघणाऱ्यांनी गाडीत कडबा जास्त अंथरावा; काळ्या रानातल्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या होतात. हरेक हिसक्याला मी दोन्ही हातांनी पोट धरत होते. बाळ हललं की बरं वाटे, थांबलं की पुन्हा धडधड.

राजूरला गणपतीच्या टेकडीखाली बैल सोडले, भाकरी-ठेचा खाल्ला. पुढच्या वाटेचं पाणी तिथंच भरून घ्यावं. विहिरीवर एका म्हातारीनं माझ्या पोटाकडं बघून विचारलं, "कुठं चाललीस, बाई?"

"जालन्याला. तापावर कोयनेल आणायला."

ती पोहरा ओढायची थांबली. "माझ्या सुनंनं घेतल्तं. ताप गेला, लेकरूबी गेलं. तू खाऊ नको."

गाडीत बसल्यावर मी मालकांना हे सांगितलं. त्यांनी हातातला कासरा सैल सोडला. मग म्हणाले, "मागं फिरायचं का?"

बैल पुढंच चालत राहिले.

दिवस मावळताना जालना आलं. स्टेशनाजवळच्या सराईत जागा मिळते, अंथरूण मात्र आपलं न्यावं. सकाळी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी कपाटातून पुडी काढली. सिंकोना नावाची झाडं असतात, दूरदेशीच्या उंच, ओल्या डोंगरांवरची. त्यांच्या सालीतून हे औषध निघतं, असं त्यांनी सांगितलं. पुष्कळशी साल जावा बेटावरून यायची, ते लढाईत जपानकडं गेलं, म्हणून आता कोयनेल मुश्किलीनं मिळतं.

मी म्हातारीचं बोलणं सांगितलं. वाटलं, त्या हसतील. त्या हसल्या नाहीत.

"होतं तसं कधी कधी," त्या म्हणाल्या. "पण हा ताप राहिला तर तुम्ही दोघंही जाल. मी थोडं थोडं देईन. ठरवा तुम्ही."

मी मालकांकडं बघितलं. ते म्हणाले, "तूच सांग. मला समजना झालंय."

तेवढ्यात मला तिथंच हुडहुडी भरली. दात वाजू लागले. सकाळपासून बाळ हललं नव्हतं. मी हात पुढं केला.

असलं कडू मी कधी चाखलं नव्हतं. दुपारपर्यंत त्या औषधानं कानांत रातकिडे ओरडायला लागले. सराईत पोटावर हात ठेवून पडून राहिले. आत सगळं गप्प. मालक पाणी घेऊन आले, बसले, पुन्हा उठले. दिवस कलता कलता उजव्या कुशीत एक लाथ बसली. मी मालकांचा हात ओढून तिथं ठेवला. ते भिंतीकडं तोंड करून बसले.

औषध पुरं होईस्तोवर आम्ही जालन्यात राहिलो. ताप पुन्हा आला नाही. परतताना मालक वाटभर बैलांच्या पुढं चालत होते, चाकाखालचे दगड बाजूला सारत.

मुलगी महिनाभर आधीच आली, ओंजळीत मावेल एवढी. कापसात गुंडाळून, शेगडीजवळ ठेवून जगवली. आता ती अंगणभर धावते. तापानं लवकर आली की कोयनेलनं, ते कोणालाच सांगता येत नाही.

गावातली कोणी तापलेली पोटुशी जालन्याला निघाली की आधी माझ्याकडं येते. "घेऊ का?" विचारते. मी घे म्हणते. म्हणताना माझे हात अजून गार पडतात.