नानांच्या नावामागची नलू

नलूच्या पुतण्याचा फोन आला तेव्हा मी कवळी ग्लासात टाकून बसले होते. “सुमनमावशी, आत्या गेली,” तो म्हणाला. बिनदातांच्या तोंडातून काय निघालं कोण जाणे, पण त्याला वाटलं मी हसले. त्याची चूक नाही. जन्मभर मी इतक्यांची इतकी टिंगल केली आहे की माझं रडणंसुद्धा लोकांना नक्कल वाटतं. पुढच्या आठवड्यात आमच्या पनवेलच्या स्थानिक पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या. ‘निवृत्त दूरध्वनी कर्मचारी नलिनी टिपणीस यांचे अल्पशा आजाराने निधन. त्यांच्या पश्चात पुतण्या, सून व नातवंडे असा परिवार आहे.’ बास. चष्मा पुसून पुन्हा वाचलं, मागचं पानही पाहिलं. त्या चार ओळींत जे नव्हतं त्यासाठी हा लेख.

ज्यांचं बालपण वाचनालयांतून पुस्तकं आणण्यात गेलं, त्यांना ‘ध्रुवयान’ ही विज्ञानकथांची मालिका आठवत असेल. महिन्याला एक छोटं पुस्तक, मुखपृष्ठावर भडक निळं आकाश, त्यात शिट्टीच्या कुकरसारखं दिसणारं यान, आणि खाली ‘लेखक : नाना ओगले’. कप्तान रणदिवे शनीच्या कड्यांत अडकले तरी दुपारी कोकम सरबत प्यायचे. ही मालिका छापली जायची पनवेलात, टपाल नाक्याजवळच्या बाबूशेठच्या छापखान्यात. नाना तिथेच मागच्या पडवीत बसून लिहीत. पण लिहिण्याआधी सांगत. छापून आलेल्या मोठ्या कागदांना, म्हणजे फर्म्यांना, घड्या घालायला गव्हाणकडच्या बायका यायच्या. त्यांच्यासमोर नाना नवं प्रकरण तोंडी सांगायचे आणि बायकांच्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघायचे. घड्या चालू राहिल्या तर प्रकरण नापास. हात थांबले की पास. बाबूशेठ आतून ओरडायचे, “नाना, तुमची गोष्ट चांगली झाली की माझा धंदा बसतो!”

अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदच्या सुमारास नानांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला, तो गेलाच. पाटीवर लिहून बोलायचे. हात शाबूत होता, बुद्धीही शाबूत होती, पण सांगितल्याशिवाय त्यांना लिहिता येईना. बाबूशेठनी ठरवलं, यान कुणाच्या तरी हाती द्यायचं. नानांनी पाटीवर लिहिलं, ‘निवड पडवीत होईल.’

इच्छुक तिघं. मुंबईचे एक प्राध्यापक, ज्यांना यानात तत्त्वज्ञान आणायचं होतं. दुसरी मी, कन्याशाळेतली विज्ञानाची बाई. माझ्याइतकं विज्ञान आणि माझ्याइतकी शैली महाराष्ट्रात एका ठिकाणी नांदत नाही, असं माझं तेव्हा प्रामाणिक मत होतं. पुस्तकावर नाव कसं दिसेल ते बघायला मी ‘सौ.’ लावून आणि न लावून, दोन्ही प्रकारे फळ्यावर लिहून पाहिलं होतं. मुलींनी विचारलं तर म्हटलं, शुद्धलेखन. आणि तिसरी नलू, आमच्या शेजारची, टेलिफोन एक्स्चेंजमधली ऑपरेटर. तेव्हा परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल लावावा लागे, आणि पनवेलचे निम्मे जन्म-मृत्यू आधी नलूच्या कानावर पडत. ती लिहिते हे मला माहीत होतं. बरं लिहिते हे मला माहीत करून घ्यायचं नव्हतं.

प्राध्यापकांचं प्रकरण बायकांनी अदबीनं ऐकलं, घड्या घालत. मग मी उभी राहिले. इरकली नेसले होते, अंतराळासाठी! शुक्राच्या वातावरणात कुठला वायू किती, दाब किती, उष्णता किती, सगळं आवाजाच्या चढउतारासह वाचलं. डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहत होते… हात चालूच. चालू कसले, पळत होते. संपल्यावर हिराबाई, त्यांच्यातली थोरली, कौतुकानं म्हणाली, “बाई, लय झ्याक वाचलंत. तुमी रोज या. आमचं काम आज भराभर झालं.”

नलू बसूनच वाचायला लागली. तिच्या प्रकरणात कप्तान रणदिवे जवळजवळ नव्हतेच. यानावरची संदेश घेणारी मुलगी होती. यान इतकं लांब आलेलं असतं की पृथ्वीवरून निघालेल्या हाकेला पोचायला वर्षं लागतात. एक दिवस कप्तानांसाठी त्यांच्या आईची हाक येते. ‘बाळा, जेवलास का?’ आई जाऊन काळ लोटला आहे हे त्या मुलीला ठाऊक आहे, कारण ती बातमी दुसऱ्या, जवळच्या वाटेनं आधीच पोचली आहे. कप्तानांना अजून कुणी सांगितलेलं नाही. आता ही हाक जोडून द्यायची की नाही? नलू वाचता वाचता थांबली, पाणी प्यायली. पडवीत कागदाचा आवाज नव्हता. हिराबाईचा अंगठा अर्ध्या घडीवर तसाच दाबलेला. “मंग? दिली का नाय जोडून?” तिनं विचारलं. आतून बाबूशेठ धावत आले, “काय झालं? हात का थांबले?” नानांनी पाटीवर एकच शब्द लिहिला. ‘हीच.’

मी टाळ्या वाजवल्या. इतक्या जोरात की कुणालाही कळावं, बाईंना दुखलंय.

पण बाबूशेठची अट होती. “नलूताई, लिहा तुम्ही. पण नाव नानांचंच राहणार. बाईच्या नावानं यान उडालं तर वाचनालयवाले परत पाठवतील.” नाना पाटीवर काहीतरी खरडायला लागले, पुसून पुन्हा लिहायला लागले, खडू मोडला. नलूच म्हणाली, “राहू दे, नाना. यान चाललं म्हणजे झालं.” घरी येताना वडाळे तळ्यापाशी मी तिला म्हटलं, “फुकट गं तू. मी असते तर भांडले असते.” ती म्हणाली, “सुमे, तुला भांडायला मिळालं असतं. मला लिहायला मिळालंय.”

दिवसा एक्स्चेंजची पाळी, उरलेल्या वेळात यान. पडवीतलं वाचन तिनं मोडलं नाही. प्रकरण झालं की बायकांसमोर बसायची. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी ‘नानांचे दोन शब्द’ असायचे, तेही तीच लिहायची, अगदी त्यांच्या खाकरत बोलण्याच्या ढंगात. जळगाव, सोलापूर, चिपळूणहून मुलांची पोस्टकार्डं यायची, ‘नाना, तुम्ही खरंच यानात बसला आहात का?’ प्रत्येकाला उत्तर जायचं. नाना लेकीकडे राहायला गेले होते. नलू रविवारी जाऊन त्यांना प्रकरण वाचून दाखवायची. ते डोळे मिटून, मांडीवरचा पंचा घड्या घालत ऐकायचे. आवडलं की थांबायचे.

आणि मग नाना गेले. लेकीच्या गावी, कुणाला फारसं न कळता. बाबूशेठ नलूच्या घरी आले तेव्हा मी तिथेच होते. माणूस वाईट नव्हता, डोळे सुजले होते त्यांचे. म्हणाले, “ताई, एवढ्यात जाहीर नको. मालिका बसेल. पडवीतल्या बायकांची चूल त्यावर आहे.” नलूनं मान हलवली. त्या आठवड्यात अंक छपाईला जायचा होता, दोन शब्द बाकी होते. मागच्या महिन्यात कुणा मुलानं विचारलं होतं, नाना, आता बरं वाटतं का? नलू टेबलाशी बसली. मी चहा ठेवला, तो तसाच राहिला. तिनं लिहिलं, ‘बाळांनो, माझी प्रकृती आता उत्तम आहे. त्रास सगळा थांबला आहे.’ मग कागद माझ्याकडे सरकवला. “बघ गं, खोटं नाही ना वाटत?” मी थट्टेखोर बाई, पण त्या दिवशी कागद नुसता तिच्याकडे परत सरकवला. ज्या माणसानं तिला निवडलं त्याच्यासाठी तिला चारचौघांत रडता आलं नाही. दोन ओळींचं श्रद्धांजलीचं लिहिता आलं नाही. वर त्याला महिन्याच्या महिन्याला जिवंत ठेवावं लागलं.

तसं तिनं बरीच वर्षं ठेवलं. नंतर घरोघर केबल आली, वाचनालयांत धूळ बसली, पोस्टकार्डं आटली. शतक सरायच्या आत बाबूशेठनी हात टेकले. शेवटच्या पुस्तकाच्या वेळी म्हातारा स्वतःच म्हणाला, “ताई, यावर तरी तुमचं नाव घालू या.” मला वाटलं, झालं, आता पेढे! तर ही नको म्हणाली. मी तणतणत गेले तिच्याकडे. “नको म्हणजे काय? डोकं फिरलंय का?”

“सुमे, त्या पोरांना शेवटच्या पानावर काय सांगू? की तुमचे नाना केव्हाच गेले, आणि तुम्हाला उत्तरं देत होती ती भलतीच कोणी?”

“भलतीच? अगं, यान तुझं, माणसं तुझी…”

“मग मला माहीत आहे ना,” ती म्हणाली. पण ते म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही.

निवृत्तीनंतर ती खारघरला पुतण्याजवळच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. शेवटची भेट तिथली. खूप वाळली होती. मी पुन्हा विषय काढला, “आता तरी सांगू का गं लोकांना?” ती म्हणाली, “नको. आता विचारतंय कोण?” आणि थोड्या वेळानं, भिंतीकडे वळून, “एकदा वाटलं होतं गं. एकाच पुस्तकावर… बारीक अक्षरात का होईना.” एवढंच. मग मला म्हणाली, तुझी कवळी नीट बसत नाही, दुसरी करून घे.

दिवस झाल्यावर पुतण्यानं खोली आवरायला बोलावलं. खिडकीशी तिचं टेबल, त्यावर पोळपाटाएवढी जागा घासून गुळगुळीत झालेली, आणि भिंतीला लागून ‘ध्रुवयान’ची सगळी पुस्तकं, ओळीनं. तो म्हणाला, “आत्याला नानांचं किती वेड होतं ना, मावशी? एकही अंक चुकवला नाही तिनं.” मी म्हटलं, “वेड कसलं? तिनंच लिहिलीत ती. पहिली काही सोडून सगळी.” तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग खो खो हसला. “मावशी, तुम्ही ना… आजच्या दिवशीसुद्धा!” मी शपथ घेतली. तो आणखी हसला, माझ्या खांद्यावर प्रेमानं हात ठेवला आणि खोकी आणायला खाली गेला.

मी त्या टेबलाशी बसले. ती नको म्हणाली होती, हे मला पक्कं आठवतंय. पण तिच्या ‘नको’नंतरचं ‘एकदा वाटलं होतं गं’ही मीच ऐकलंय, दुसऱ्या कुणी नाही. माझ्या तोंडच्या खऱ्यावर आता घरचेही विश्वास ठेवत नाहीत. म्हणून संपादकांना गळ घातली, छापा. छापलेलं लोक खरं मानतात, हे आम्हा दोघींइतकं कुणाला ठाऊक असणार! त्या मुलांपैकी कुणी हे वाचत असेल, आता केस पिकलेलं, तर बाळा, नाना तुला फसवून गेले नाहीत. तुझ्या कार्डाला उत्तर पनवेलहूनच आलं होतं. ते नलिनी टिपणीसनं लिहिलं होतं.