पुतळ्याचा सोनेरी कान

“येवढा काळा कायले ठेवला असन बापा? आणल्यापासून घासला नाही वाटते कोणी.”

सानगडीच्या वाचनालयासमोर दोन बायका पितळी पुतळ्याकडे पाहत बोलत होत्या. मी पायरीवर वहीत डोकं घालून बसले होते. असं बसलं की सहसा कोणी बोलायला येत नाही.

सकाळी नागपूरहून निघाले होते. कारध्याला वैनगंगेचा पूल ओलांडला, मग दोन्ही बाजूंना धानाची शेतं. साकोलीला बस बदलताना छत्री आधीच्या बसमध्येच राहिली. इथलं वाचनालय चालवणारे गुरुजी आईचे शिक्षक. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांच्या वर्णभेदाविरुद्ध लढून कित्येक वर्षं तुरुंगात काढलेल्या नेत्याचा हा अर्धपुतळा त्यांनी भंडाऱ्याच्या कारागिराकडून ओतून घेतला होता. अनावरण दुसऱ्या दिवशी होतं.

“काळा रंग मुद्दाम चढवून घेतला,” गुरुजी दुपारी जेवताना म्हणाले होते. “आमच्या पोरायले तो आपल्यातलाच वाटला पाहिजे.”

ताटात बोडीतल्या (शेताजवळच्या लहान तळ्यातल्या) मासोळ्यांचा झणझणीत रस्सा आणि भात होता. मी दोनदा भात घेतला, तोही खुणेनेच. जेवणानंतर गुरुजी मांडववाल्याकडे गेले आणि मी पायरीवर येऊन बसले.

पुतळ्यासमोरच्या दोघींपैकी एक, मासोळ्या ज्यांच्या घरून आल्या होत्या त्या यमुनाबाई, आता दुसरीला, म्हणजे आपल्या जावेला, घेऊन चिंच आणि राख आणायला गेल्या आणि लगेच परतल्या. इथे पूजेच्या आदल्या दिवशी घरातलं सगळं पितळ चिंचेने घासतात. काळं पितळ पाहुण्यांपुढे ठेवणं ही घराची लाज.

“धर वो टोपलं,” यमुनाबाई म्हणाल्या. “उद्या लोक म्हणतीन, सानगडीत राख नाही का.”

“याची बायको इथं असती तर कवाच घासला असता,” जाऊ म्हणाली.

दोघी हसल्या. चिंच कानावरून फिरली आणि काळं उतरून खालून पिवळंधमक पितळ निघालं.

“पाह्य, कसा गोरा निघाला.”

मी “नको” म्हटलं, ते मलाच ऐकू आलं. इंग्रजी शाळेमुळे असेल, अनोळखी माणसांशी बोलताना मी मराठी वाक्य आधी मनात जुळवते, आणि तोवर बोलणं पुढे गेलेलं असतं. यमुनाबाईंचा हात गालाकडे वळला तेव्हा मी उठले आणि त्या गालावर माझा हात ठेवला. दोन्हींचा रंग जवळपास एकच होता.

“बाजूले हो पोरी. असा काळाच ठेवू का याले?”

अनावरणाच्या दिवशी पुतळ्याचा एक कान सोनेरी होता आणि बाकी चेहरा काळाभोर. यमुनाबाईच येणाऱ्या-जाणाऱ्याला कान दाखवून झालेला प्रकार सांगत होत्या. परतीच्या बसमध्ये मलाही तोच आठवत राहिला. यमुनाबाईंच्या त्या प्रश्नाला उत्तर देताना तेवढं एक वाक्य मी न जुळवता बोलले होते:

“मग आधी मला घासा, मावशी.”