आबांचं ताक आणि उंदरांचं शिसं

किस्से काही जमवावे लागत नाहीत, आमच्या वराळ्याच्या लॅबमध्ये ते पिंजऱ्यातल्या भुशासारखे रोज साचतात. उंदरांच्या रक्तात शिसं सोडायचं आणि शरीर ते कसं बाहेर टाकतं हे बघायचं, हे आमचं काम. मी रक्त तपासतो, पिंजरे सांभाळतात सुदुंबऱ्याचे आबा. बरेचसे किस्से त्यांच्याच नावावर आहेत.

*

शिसं लघवीतून निघतं, म्हणून पिंजऱ्याखाली फनेल आणि फनेलखाली बाटली. एकदा आबांच्या जावयाचा फोन आला, "मामा, काय करताय?"

"उंदराची लघवी मोजतोय."

मग जावई म्हणाला, "मामा, थोडे दिस रजा घ्या!"

*

तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "उंदीर किती आहेत?"

आबा म्हणाले, "कंचं सांगू? पिंजऱ्यातलं का गोदामातलं?"

आमच्या लॅबप्रमुख मॅडम छताकडे बघत राहिल्या.

*

आबांचं पोट दोन वर्षं दुखतंय. डॉक्टर गॅसच्या गोळ्या देतात, आबा त्यावर घरचं ताक पितात. तेही कल्हई केलेल्या पितळी डब्यातलंच, कारण "स्टीलमदी चव न्हाई"! पोट दुखलं की ताक. तरी दुखलं की आणखी ताक!

*

यंदा एका गटाला शिसं उतरवायचं औषध होतं, दुसऱ्याला नुसतं पाणी. औषधवाल्यांचं शिसं उतरलं. पाणीवाल्यांचं चढलं! शिसं देणं तर कधीच बंद केलेलं. मॅडमनी मशीन तपासलं, खाद्य तपासलं, शेवटी आबांना विचारलं, "ह्यांना पाण्याशिवाय काही देता का?"

आबांनी मान खाली घातली. "त्या बाजूच्यास्नी औषध आन् ह्यास्नी नुसतं पानी? बरं दिसतं का, मॅडम? म्हनून ताकावरची निवळ घालतो पान्याच्या बाटलीत. उलीशीच."

आम्ही आबांचा ताकाचा डबा तपासला. कल्हईवाल्याने कथलात भरपूर शिसं मिसळलं होतं आणि आंबट ताकात ते रोज उतरत होतं. सहा महिन्यांचा प्रयोग गेला! आता मॅडम भडकणार म्हणून मी दाराकडे सरकलो. पण त्या आबांकडेच बघत होत्या.

"आबा, तुम्ही हेच ताक पिता?"

"व्हय. रोज तांब्याभर."



त्याच दिवशी आबांचं रक्त तपासायला दिलं. आकडा बघताच मॅडमनी गाडी काढली. आबांना हॉस्पिटलात दाखल केलं. दुसऱ्या दिवशी आम्ही भेटायला गेलो, तेव्हा सिस्टर सलाईन लावत होती. आबांनी एकदा त्या बाटलीकडे पाहिलं, एकदा खाटेखालच्या लघवीच्या भांड्याकडे पाहिलं आणि मॅडमना हळूच जवळ बोलावलं.

"मॅडम, खरं सांगा. मी कंच्या गटात? औषधाच्या, का पान्याच्या?"