परातीला ब्रेक नसतो

परातकाकू टेकडीवरून उतरत नसत, सुटत. डोक्याला माकडटोपी, अंगात काकांची नारिंगी स्नो-पँट, ती कमरेशी जुन्या साडीच्या काठाने करकचून आवळलेली, आणि बुडाखाली आमच्या मराठी मंडळाची स्टीलची परात. तीत मांडी घालून, दोन्ही कड्या धरून बसायचं आणि मागे उभ्या असलेल्या कुणालाही फर्मावायचं, "दे ढकलून." परात सरळ जात नाही, गरगरत जाते. त्यामुळे काकूंचं तोंड अर्धा वेळ आमच्याकडे आणि अर्धा वेळ खालच्या गोठलेल्या तळ्याकडे असे. आमच्याकडे आलं की त्या हात हलवत. तळ्याकडे वळलं की ओरडत, "बाजूला व्हा, परातीला ब्रेक नसतो." चक्क मराठीतून. खालची गोरी पोरं अक्षर न कळताही बाजूला होत.

गाव ईडन प्रेरी, मिनेसोटा. काकूंचं वय अडुसष्ट. तुमच्याही गावात अशी एखादी काकू असेल. नसेल तर गाव बदला.

आता त्या वेळची मी. पंचेचाळीस वर्षांची, मंडळाची सेक्रेटरी, स्वतःला फार शहाणी समजणारी आणि वाघाला भ्यावं तशी थंडीला भिणारी. ऑक्टोबर संपायच्या आत मी घरातल्या सगळ्या खिडक्यांना प्लास्टिकची फिल्म चिकटवून ती हेअर ड्रायरने ताणून घेत असे. मग एप्रिलपर्यंत बाहेरचं जग मला पाण्याखाली असल्यासारखं दिसे. घराच्या गॅरेजमधून ऑफिसच्या गॅरेजमध्ये आणि तिथून परत, एवढाच माझा हिवाळा. घरातही दोन स्वेटर. आमचे हे म्हणायचे, "तुला तेल घालून बरणीत भरून ठेवू का? एप्रिलपर्यंत छान मुरशील." मला वाटायचं, किती काळजी आहे यांना माझी.

मंडळाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे होती आणि त्या किल्लीचा मला भलताच अभिमान होता. काकूंनी परात नेली ती "जरा जास्त कणीक मळायची आहे" असं सांगून. दोन आठवडे झाले, तीन झाले, परात येईना. शेवटी मंडळातल्या, मूळ नागपूरच्या डॉक्टरीणबाईंकडून कळलं की परात शाळेमागच्या टेकडीवर असते. ही डॉक्टरीण माझ्याच वयाची, आणि जन्मात खोटं न बोललेली बाई. पेशंटला "दुखणार नाही" असंसुद्धा कधी म्हणायची नाही. "दुखेल, सहन कर," म्हणायची. तेव्हा तिच्या सांगण्यावर शंका घ्यायचा प्रश्नच नव्हता.

शुक्रवारी दुपारी मी टेकडीवर थडकले. ऑफिसचे बूट, लांब कोट, चेहऱ्यावर सेक्रेटरीपण. वर काकू, डॉक्टरीण आणि काकूंची शेजारीण लिंडा अशा तिघी थर्मासमधला आल्याचा चहा पीत उभ्या होत्या.

"काकू, ती परात मंडळाची आहे," मी म्हणाले.

"म्हणून तर आणली. माझ्या घरातल्या परातीत मी मावत नाही."

"तीत गणपतीच्या जेवणाची कणीक मळतात."

"गणपतीला विचारलं मी, सेक्रेटरीबाई. तो म्हणाला, मी एवढा जाडजूड उंदरावर बसतो, तुम्ही परातीवर बसा."

डॉक्टरीण हसली. लिंडाला काही कळलं नव्हतं, तरी तीही हसली. माझा चेहरा पाहूनच हसली असणार.

मग मला परातीचा सगळा इतिहास ऐकवण्यात आला. पहिल्या दिवशी काकूंनी परात घसरावी म्हणून तिला खालून साजूक तूप चोपडलं होतं. नारळाच्या वड्या थापताना ताटाला लावतात तसं, सगळीकडून, कड्यांपर्यंत. पारा शून्याखाली. तुपाचं एका मिनिटात मेण झालं, त्यावर बर्फ बसला आणि परात टेकडीच्या माथ्याला अशी चिकटली की काकू अर्धा तास तिथे मखरात बसवल्यासारख्या बसून होत्या. दोघी ढकलतायत, काकू हलत नाहीत, खालून पोरं बघतायत. शेवटी लिंडाने खिशातली मेणबत्ती काढून सांगितलं की इथे घसरगाडीला मेण घासतात. काकूंनी तूप खरवडलं, मेण घासलं आणि त्या दिवशी त्या तळ्याच्या मध्यापर्यंत गेल्या. "एवढं तूप वाया गेलं," एवढीच त्यांना खंत.

"मला परात द्या, मी जाते," मी म्हणाले.

"घेऊन जा. पण त्या बुटांनी चालत उतरलात तर परात आधी पोचेल आणि तुम्ही नंतर, तुकड्या-तुकड्यांनी. बसून जा."

मी उताराकडे पाहिलं. वर चढताना लक्षात आलं नव्हतं, पण ती वाट म्हणजे काच होती. दुसरा इलाज नव्हता. मी कोट आवरून परातीत बसले, पर्स पोटाशी धरली आणि सांगायला तोंड उघडलं की हळू ढकला. कुणी ढकललं ते मला आजवर कळलेलं नाही. पंचेचाळीस वर्षांची, मंडळाची सेक्रेटरी, दोन मुलांची आई असलेली मी "आई, आई, आई" करत गरगरत खाली गेले आणि तळ्याकाठच्या बर्फाच्या ढिगात कमरेपर्यंत रुतले. एक बूट वाटेतच राहिला होता. नाकातोंडात बर्फ. आणि छातीत काहीतरी धडधडत होतं, ते भीतीचं नव्हतं. मी उठले, बूट शोधला, परात काखेत मारली आणि पुन्हा वर गेले.

काकूंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "पुन्हा?"

"पुन्हा."

"मग बस. पर्स दे इकडे." सेक्रेटरीबाई त्या उतारावर कुठेतरी सांडल्या, वर आली ती 'तू'. खिडक्यांची प्लास्टिकं मी त्याच संध्याकाळी फाडली. आमचे हे गार झाले. हीटरचं बिल बघून नव्हे, माझा चेहरा बघून.

पुढचे दोन हिवाळे आमचे शुक्रवार ठरलेले होते. काकूंचा एक नियम होता, थर्मामीटर बघायचा नाही. "आकडा बघितला की माणूस आत बसतो. मोजे बघायचे. मोजे कोरडे आहेत ना? मग चला." त्यांच्या खिशात डिंकाचे लाडू असत, ते थंडीने गोट्यांसारखे होत. लिंडाने पहिला चावला तेव्हा तिचा दात दुखावला. काकूंनी तिला खुणेने शिकवलं की लाडू आधी पाच मिनिटं काखेत धरायचा. अजूनही लिंडा कुठलाही भारतीय खाऊ दिला की आधी विचारते, "काखेत?"

संक्रांतीला काकूंनी हळदीकुंकू टेकडीवर केलं. काळी साडी स्नो-पँटवर नेसून त्या बर्फात उभ्या, वाण म्हणून प्रत्येकीला एकेक मेणबत्ती. मंडळातल्या काही जणींनी नाकं मुरडली. काका जाऊन दोन वर्षं झालेली, आणि ह्या स्वतःच हळदीकुंकू करतायत, तेही डोंगरावर. काकूंच्या कानावर ते गेलंच. त्या म्हणाल्या, "ज्यांना यायचं नाही त्यांना घरी उबेला बसू दे. कुंकू मी लावणार, तिळगूळ मी देणार, आणि परातीत पहिली मी बसणार."

त्या हसत-खेळत एवढं सगळं का करतात हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. परातीच्या बुडाला मेण घासत होत्या, हात थांबले नाहीत. "हे गेल्यावर पहिला हिवाळा मी खिडकीत बसून काढला. समोर बर्फ पडायचा, मी बघायची. पोस्टमन दिसला तर तो दिवस चांगला. फेब्रुवारीत मला वाटायला लागलं की मीही गेलेच आहे, फक्त कुणी कळवलेलं नाही. तसला हिवाळा मी पुन्हा काढणार नाही. कुणी सांगितलं तरी."

सांगणारा होता. त्यांचा मुलगा, क्युपर्टिनोला. मोठा चांगला मुलगा, रोज फोन करणारा. दुसऱ्या हिवाळ्यात परात एका झाडाच्या बुंध्यावर आपटली आणि काकूंचं मनगट मोडलं. डॉक्टरीणबाईंनी प्लास्टर घातलं आणि मुलाने फोनवरून आईकडून वचन घेतलं की आता टेकडी बंद. काकूंनी वचन दिलं. प्लास्टर निघालं त्या शुक्रवारी त्या टेकडीवर होत्या.

त्याला संशय आला असावा. त्याने आधी डॉक्टरीणबाईंना विचारलं. ती म्हणाली, "पेशंटचं मी दुसऱ्याला सांगत नसते," आणि फोन ठेवला. मग त्याने मला केला.

"वहिनी, फ्रँकली सांगा. आई अजून तिथे जाते का? ती मला सगळं बंद केलंय म्हणते. तुम्ही सेन्सिबल आहात म्हणून तुम्हाला विचारतोय."

सेन्सिबल. त्या एका शब्दाने माझ्यातली सेक्रेटरी टुणकन उठून बसली. कुणाच्या तरी मुलाने आपल्याला शहाणं म्हटलं की आपल्यासारख्या बायका काय काय ओकतात, ते तुम्हालाही ठाऊक असेल. मी म्हणाले, "जातात रे. परवाच सहा वेळा गेल्या." सहा हा आकडा सांगायची काय गरज होती? वर हेही म्हणाले की, "मी त्यांना समजावतेच आहे." समजावत कसली होते? सहापैकी चार वेळा मीच ढकललं होतं.

पंधरा दिवसांत तो आला. घर विकायला लावलं, सामान बांधलं. काकू भांडल्या, पण त्याने मनगटाचा विषय काढला की त्या पुन्हा खोकी भरायला लागत. सत्तर वर्षांच्या बाईचं भांडण किती दिवस चालणार? निघायच्या आदल्या दिवशी दुपारी माझ्या दारात उभ्या. हातात परात, घासून लख्ख केलेली, झाडावर आपटून पडलेला पोचा तसाच.

"मंडळाची वस्तू मंडळाकडे."

"काकू, मी..."

"माहीत आहे मला. त्याने सांगितलं. सहा वेळा म्हणालीस." त्या बूट न काढता दारातच बसल्या. "अगं, मैत्रिणीसाठी एवढंसं खोटं बोलता येत नाही? मी तुला परातीत बसायला शिकवलं, हे शिकवायचं राहून गेलं."

मी रडायला लागले. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "तिकडे म्हणे बाराही महिने हवा छान असते. बाराही महिने छान हवेत माणसाने करायचं काय?"

काकू क्युपर्टिनोला नऊ वर्षं होत्या. दर वर्षी पहिला बर्फ पडला की त्यांचा फोन यायचा. कशी आहेस वगैरे काही नाही. "किती इंच?" मी सांगायची. "कोण कोण गेलं?" मी सांगायची. "तू किती वेळा?" मी सांगायची आणि पलीकडून समाधानाचा हुंकार यायचा. "तुमचं काय चाललंय?" विचारलं की म्हणायच्या, "मी आता शहाण्यासारखी राहते. रोज पार्कात जाऊन बसते." मला वाईट वाटायचं. पार्कातल्या बाकावर बसलेल्या काकू माझ्या डोळ्यांपुढे येत नसत.

त्या गेल्यावर महिन्याभराने मुलाचा फोन आला. खोली आवरत होता. आवाज थकलेला.

"वहिनी, एक विचारायचं होतं. आईच्या पलंगाखाली एक मोठा पुठ्ठा सापडला. फ्रिजच्या खोक्याचा असावा. एका बाजूला मेणबत्ती घासलीय, आणि सगळीकडे गवताचे हिरवे डाग आहेत. समोरच्या पार्कात उतार आहे, पण... तुम्हाला काही आयडिया आहे का, हे काय आहे?"

माझ्या डोळ्यांपुढे काकू उभ्या राहिल्या. उभ्या कसल्या, बसल्या. पुठ्ठ्यावर मांडी घालून, क्युपर्टिनोच्या त्या छान हवेत, हिरव्या उतारावर. ऐंशीला टेकलेल्या.

"काय की रे," मी म्हणाले. "पार्कात ओल्या बाकावर बसायला नेत असतील. पाय दुखायचे ना त्यांचे."

"हं. तसंच असेल," तो म्हणाला. त्याला बरं वाटलं. मला तर फारच. नऊ वर्षं उशिरा का होईना, मी शिकले होते.

यंदा मला सत्तर पूर्ण झाली. काकूंना नेलं तेव्हा त्या एवढ्याच होत्या. माझा मुलगा मॉरिसव्हिलला असतो. तिकडे चिमूटभर बर्फ पडला की शाळा बंद होतात, त्यामुळे बर्फाबद्दलची त्याची मतं फार ठाम आहेत. मागच्या वर्षी माझा गुडघा सुजला तेव्हापासून तो म्हणतो, "आई, आता बस झालं. इकडे ये, इथे वेदर नाइस आहे." मी म्हणते, बघू. मंडळाने नवीन परात घेतली आहे. जुनी, पोचा पडलेली, माझ्याकडे आहे, आणि ती परत मागायची कुणाची हिंमत नाही.

गेल्या शुक्रवारी आठ इंच पडला. टेकडीवर आम्ही चौघी. लिंडा, डॉक्टरीण, मी आणि डेट्रॉइटहून नुकतीच आलेली एक पंचेचाळीशीची, लांब कोटातली, सगळ्याला नको म्हणणारी. मी परातीत बसले, कड्या धरल्या, आणि डॉक्टरीणबाईंचा फोन वाजला. तिने हातमोजा दातांनी ओढून काढला, नाव पाहिलं आणि मला दाखवलं. माझा मुलगा.

ही बाई जन्मात खोटं बोललेली नाही.

"हो रे बाळा," डॉक्टरीण फोनवर म्हणाली. "आई ना? घरीच असेल की. देवापुढे बसून राहिली असेल, म्हणून फोन उचलत नाही." तिने माझ्याकडे पाहिलं. "नाही रे, टेकडीवर कशाला येते ती आता."

आणि दुसऱ्या हाताने तिने मला ढकललं.