ड्रॅगनसाठी आईचं कोडं

मुलगी मैत्रिणींसोबत फाशांचा खेळ मांडून बसली होती. त्यातल्या गुहेच्या दारावर वाट अडवून कोडं घालणाऱ्या ड्रॅगनसाठी तिला नवंकोरं कोडं हवं होतं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून भाकरीचा खरपूस वास आला आणि मला आमच्या मंद्रूपच्या घरातली चूल आठवली.

माझ्या लहानपणी भाकरी थापता थापता आईनं स्वतः रचलेलं कोडं घातलं होतं, "खाल्लं तर वाढतं, ठेवलं तर सरतं. सांगंल त्याला पहिली भाकरी!"

भुकेनं कासावीस होऊन मी ओरडलो, "खाल्ल्यावर वाढंल कसं? हिशेबच चुकलाय की!"

"न्हाय चुकला. इचार कर की."

विचार करता करता भाकरी ताटात पडली. उत्तर राहिलंच. हे सगळं मी पोरींना सांगितलं.

"बाबा, उत्तर काय?" मुलीनं विचारलं.

"मलाही माहीत नाही."

"मग ड्रॅगनपण प्रत्येक उत्तराला 'न्हाय'च म्हणेल."

भाकऱ्या होईपर्यंत एकही पोरगी जागची हलली नाही. आईकडे उत्तर होतं, की तिला फक्त भाकरी व्हायला वेळ हवा होता?