पलटणीच्या बुटांना पाजलेलं करंजेल

पोलिसात जावं हा विचार मला पहिल्यांदा सुचला तेव्हा माझ्या डोक्यावर साहेबाचं घंगाळ होतं. चोरांचा बंदोबस्त करावा, गरिबाला दाद मिळावी, असलं काही त्यात नव्हतं. पुढं कुणी विचारलं की मी तसलंच काहीतरी सांगत असे आणि लोक माना डोलवत. लोक कशालाही माना डोलवतात.

त्या हिवाळ्यात दौऱ्यावर निघालेल्या गोऱ्या साहेबाचा तळ खालापूरच्या आमराईत पडला होता. तळ हलायचा म्हणजे सामान वाहायला माणसं लागत, आणि ती वेठीला धरत. पट्टेवाला पोलीस शिपाई दिसेल त्याला पकडी, डोक्यावर ओझं देई आणि हाकत नेई. मजुरीचं नाव नाही. म्हणून आमच्याकडे रीतच पडली होती: तळ हलणार अशी कुणकुण लागली की पुरुषजात रानात. बायका दारात बसून शिपायाला सांगत, "गडीमानसं लग्नाला गेल्यात." पौषात लग्नं नसतात हे शिपायालाही ठाऊक असे, पण त्याहून बरं उत्तर गावाला कधी सुचलं नाही, आणि त्याहून बरा प्रश्न शिपायाला.

मी मात्र त्या दिवशी मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांची टोपली घेऊन खालापूरच्या बाजारात उभा. सगळा बाजार बायकांचा. जवान गडी एकटा मी, आणि याचा अर्थ ध्यानात येऊ नये इतका हुशार. समोर ओझ्यांच्या ढिगात ते घंगाळ पडलं होतं. पत्र्याचं, एवढं मोठं की त्यात म्हशीचं रेडकू निजावं. मी आपण होऊन पुढं गेलो आणि शिपायाला विचारलं, "दादा, यात काय शिजवत्यात?"

"उचलून बघ," शिपाई म्हणाला.

मी उचललं. ते खाली ठेवायची परवानगी मला कर्जतच्या तळावर मिळाली.

रीतीप्रमाणे गावागणिक माणूस बदलायचा, पण ज्या गावात शिरावं ते लग्नाला गेलेलं. शिपाई माझ्यामागून रमतगमत येत होता. त्याचं पोट पट्ट्यावरून खाली ओघळलं होतं. त्याच्या एका हातात माझी टोपली होती आणि दुसऱ्या हातानं तो माझ्या शेंगा खात होता. टरफलं घंगाळात टाकायची त्याची ऐट काही वेगळीच.

"साहेब यात बसून आंघोळ करतो, बरं का," त्यानं वाटेत माहिती पुरवली.

"बसून?"

"बसून. आपल्याच मळात."

मजुरी म्हणून मला मिळालं ते एवढं ज्ञान.

जगात माणसं दोनच प्रकारची, घंगाळाखालची आणि घंगाळामागची, हे मला पळसदरीच्या आसपास कळून चुकलं. खऱ्या मर्दानं हे कळल्यावर घंगाळ दरीत लोटलं असतं. मी मागं कसं जाता येईल याचा विचार केला.

घरी आल्यावर मान सरळ झाली, तसा मी खालापूरच्या कचेरीत फौजदारांपुढं जाऊन उभा राहिलो. त्यांची झोपेशी रोजची झटापट चालू होती आणि झोप जिंकत होती. एक डोळा उघडून त्यांनी मला वरखाली पाहिलं. "उंची बरी आहे. लिहितावाचता येतं? चार अक्षरं? पुष्कळ झाली. दसऱ्याला एक जागा मोकळी होतेय. दसऱ्यापासून आठ दिवसांत हजर झालास तर तुझी, नाहीतर दुसऱ्या कुणाची." आणि डोळा मिटला.

इतकं सोपं होतं. इथंच थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण गावात पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले एक हवालदार होते. लढाईची गोष्ट सांगताना ते बसल्या जागी मान खाली घालत, जणू ती गोळी अजून वाटेतच आहे. मी त्यांना काका म्हणत असे. माझा बेत ऐकून ते जमिनीवर थुंकले.

"थेट पोलिसात? अन् जनमभर शिपाईच ऱ्हानार?"

"मग काय करू, काका?"

"आदी पलटन कर रं. तीन सालं. मंग पोलिसात ये, येकदम हवालदार. ज्यानं तुज्या डोक्यावर घंगाळ दिलं ना, तो सलाम ठोकंल तुला." जरा थांबून ते म्हणाले, "रोज."

त्या 'रोज'नं माझा घात केला.

ग्रामदेवीला कौल लावला. देवीच्या दोन्ही अंगांना गुरवानं तांदूळ चिकटवले. उजवा पडला तर पलटण, डावा पडला तर पोलीस. डावा पडला. वारा होता म्हणून मी पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा डावा. तिसऱ्यांदा उजवा पडला, आणि देवीनं स्पष्ट शब्दांत सांगितलं म्हणून मी गावभर कळवलं. गुरव म्हणाला, "तुजंच ऐकायचं व्हतं तर देवीला कशाला तरास?"

मग माझी तालीम सुरू झाली. सकाळी हवालदारांच्या खळ्यात डावा-उजवा, डावा-उजवा, खांद्यावर काठी. तेवढ्यानं भागत नाही, अंगात पलटण मुरली पाहिजे, असं हवालदारांचं मत. म्हणून खांद्याला बंदुकीची सवय व्हावी यासाठी मी त्यांच्या राबाला, म्हणजे भाताचं रोप टाकायची जमीन भाजायला, फाटी वाहून आणली. रांगेत चालायची सवय व्हावी यासाठी पावसाळ्यात त्यांची लावणी केली. लावणी करताना माणूस मागं मागं सरकत जातो. "काका, पलटणीत याचा काय उपयोग?" मी विचारलं. "पलटनीत मागं सरायलाबी यावं लागतं," ते म्हणाले. साऱ्या पावसाळ्यात ते खरं बोलले ते एवढंच.

माझी बायको हे सगळं बघत होती. एक दिवस मी चिखलानं भरलेला घरी आलो तेव्हा तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि म्हणाली, "अवं, सायबाची वेठ येक दिसाची व्हती. हवालदाराची पावसाळाभर पुरली."

"तुला यातलं काय कळतंय गं?"

"मला येवढंच कळतंय, का आपल्या खाचरात अजून रोप लागलं नाय."

दसरा आला तसे हवालदारांनी आपले जुने बूट मला दिले. भरती करणारा साहेब आधी पाय बघतो, बुटात रुळलेला पाय दिसला की डोळे मिटून घेतो, असं त्यांनी सांगितलं. बूट लाकडासारखे कडक आणि माझ्या पायाला मोठे. माझ्या घराण्यात बुटात पाय घालणारा मी पहिलाच, तेव्हा विचारायचं कुणाला? आमच्याकडे नव्या वहाणेला तेल पाजतात. करंजाच्या बियांचं करंजेल चोळायचं, रात्रभर मुरू द्यायचं, चामडं लोण्यासारखं होतं. वहाणेला पळीभर लागतं. बूट म्हणजे वहाणेचा थोरला भाऊ, असा हिशेब करून मी दोन्ही बूट काठोकाठ भरले. बायकोनं दिवाळीच्या पणत्यांसाठी ठेवलेली बुधली त्यात रिकामी झाली. सकाळी तेल ओतून टाकलं, पुढच्या बाजूला पेंढा कोंबला आणि निघालो.

कर्जतहून पुण्याला आगगाडी होती. पण पलटणीचा माणूस पायी जातो, असं हवालदार म्हणाले होते. ते स्वतः कायम गाडीनं गेले हे मला नंतर कळलं. खोपोलीहून घाट चढायला लागलो आणि अर्ध्या घाटात माझे पाय आणि बूट यांचं जमेना. तेलानं पाय आत घसरत होते, पेंढा टोचत होता, आणि कडू करंजेलाच्या वासानं खंडाळ्याची झाडून सगळी कुत्री मला पोचवायला निघाली होती. बूट गळ्यात अडकवून पुण्यात पोचलो आणि छावणीच्या फाटकाशी पुन्हा चढवले.

डॉक्टरसाहेबानं उंची मोजली, छाती मोजली, खूश झाला. मग बूट काढायला लावले. साहेब दोन पावलं मागं सरकला. पावलं पिवळी-काळी झालेली, टाचांना टपोरे फोड, त्यांना पेंढा चिकटलेला. साहेबानं नाक धरून दुभाष्याला काहीतरी विचारलं. दुभाष्या खाली वाकला, हुंगला आणि म्हणाला, "रोग नाही, साहेब. हौस आहे."

पण नाकारलं नाही. माणूस ठीक आहे, फोड बरे होईपर्यंत छावणीत राहू द्या, मग नाव दाखल करू, असं ठरलं. मी बाहेर पारावर पाय पसरून बसलो. आता तीन वर्षं, मग रोज सलाम, असं मनात चाललं होतं. तेवढ्यात समोरून एका साहेबाचं बिऱ्हाड हलताना दिसलं. लाल डगल्यातले दोन उंचपुरे शिपाई चालले होते, आणि दोघांच्या डोक्यावर मिळून एक घंगाळ. तसंच. पत्र्याचं. मागून एक हवालदार, दोन्ही हात मोकळे.

मी लंगडत त्याच्याजवळ गेलो. "दादा, हे शिपायांनाच वाहावं लागतं?"

"मग काय मी वाहू?"

"हवालदार व्हायला किती वर्षं लागतात?"

त्यानं पगडी जरा वर केली. डोकं पांढरं फटक होतं. "बघ," तो म्हणाला.

साहेबाचं घंगाळ चुकवावं म्हणून मी घाट चढून आलो होतो, तर घंगाळ माझ्याआधी घाट चढून बसलं होतं. खालापूरची जागा अजून दोन दिवस माझी होती. नाव दाखल झालं नव्हतं, तेव्हा मला कुणी अडवणार नव्हतं. बूट गळ्यात अडकवले आणि आल्या वाटेनं निघालो.

घाट उतरून खोपोलीत पाय ठेवतो तो नाक्यावर शिपाई. तोच. पोट तेच, पट्टा तोच. मी ओळखलं, त्यानं नाही ओळखलं. घंगाळाखालचं तोंड कोण बघतो? त्यानं बघितले ते बूट. तळव्यावर पलटणीचा शिक्का, पायाला फोड, तोंड घाटाखाली. त्याचे डोळे लकाकले.

"पलटणीतून पळालास काय रे?"

"पळालो नाही. गेलोच नव्हतो."

"सगळे असंच म्हणतात," तो म्हणाला आणि त्यानं माझ्या दंडाला दोरी बांधली. फौजदारांनी दिलेल्या मुदतीत मी हजर झालो तो असा, दोरीनं.

दुसऱ्या दिवशी बूट कुणाचे हे सांगायला हवालदारांना बोलावणं गेलं. त्यांच्यामागोमाग माझी बायकोही पायी आली. पेन्शनीत निघताना बूट पलटणीत जमा करायचे असतात, ही गोष्ट हवालदारांनी आम्हाला सांगितली नव्हती. कचेरीत शिक्का बघताच त्यांची मान गोळी चुकवल्यासारखी खाली गेली.

"हे बूट माजे न्हाईत," ते म्हणाले. "हा गडीबी मला फारसा म्हाईत नाय."

ज्याची लावणी केली त्यानं हे म्हणावं. आता मी पुन्हा पलटणीच्या ताब्यात जाणार, आणि तेही पळपुटा म्हणून. तेवढ्यात बायको पदर सावरून पुढं झाली. तिनं एक बूट उचलला, हुंगला आणि फौजदारांच्या मेजावर ठेवला.

"सायेब, हे माज्या घरचं तेल हाय. दिवाळीच्या पनत्यांचं. पलटनीत ऱ्हायलेला मानूस कंदी बुटात बुधलीभर तेल वतंल का? कुनी नाय वतनार. आमचंच वततील."

फौजदारांचे दोन्ही डोळे उघडले. मला वाटतं, नोकरीत पहिल्यांदाच. उपरणं नाकाला लावून ते बराच वेळ बुटाकडं, मग माझ्याकडं बघत राहिले.

"पळपुटा नाही," त्यांनी निकाल दिला. "मूर्ख आहे. सोड रे दोरी. मूर्खाला शिपायांत जागा आहे."

मला पकडून आणणारा शिपाई यावर पोट धरून हसला. आपणही शिपाईच आहोत हे त्याला पट्टा सैल करेपर्यंत आठवलं नाही.

असा मी पोलीस झालो. हवालदारांनी मला त्यानंतर ओळख दिली नाही. बूट सरकारजमा झाले होते. मला पट्टा मिळाला, बिल्ला मिळाला, आणि हाताखाली राहायला तोच शिपाई वरिष्ठ म्हणून मिळाला. आता एकच आस उरली होती. साहेबाचा तळ पडू दे आणि माझ्यापुढं कुणीतरी घंगाळ वाहू दे.

पौषात तळ पडला. मला माझ्याच गावावर धाडलं. गावची माणसं लपतात कुठं हे मला कुणी शिकवायला नको होतं. ओढ्यापलीकडच्या करवंदीच्या जाळीत मी स्वतः कैक वेळा लपलो होतो. मी थेट जाळीत घुसलो. जाळी रिकामी. मला पट्टा मिळाला त्याच दिवशी गावानं जागा बदलली होती. घरोघर फिरलो, तीच तीच उत्तरं. शेवटी माझंच घर उरलं. बायको दारात वाल सोलत बसली होती.

"गडीमाणसं कुठायत?" मी सरकारी आवाजात विचारलं.

"लग्नाला गेल्यात."

"पौषात?"

तिनं मान वर केली नाही. "येक ऱ्हायलाय," ती म्हणाली. "पट्टा घालून हुबा हाय."

मी रिकाम्या हातानं आमराईत परत आलो. वरिष्ठानं माझ्यामागं कुणी येतंय का बघितलं. मग त्यानं घंगाळाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा त्याच्या तोंडावर ओळख उमटली.

"अरे," तो म्हणाला, "शेंगावाला तूच ना?"

कर्जतची वाट मला पाठ होती. बिल्ला उन्हात चमकत होता, पट्टा घट्ट आवळलेला होता, आणि वर घंगाळ. तो मागून शेंगा खात येत होता. आता कुणाच्या होत्या कोण जाणे. पळसदरीपाशी त्यानं हात पुढं करून एक शेंग माझ्या हातात दिली. किडकी होती. पण वेठीला धरलं होतं तेव्हा तेवढीही मिळाली नव्हती, आणि सरकारी नोकरीत यालाच बढती म्हणतात.