चहाआधीचा अर्धा तास

सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये, कापड रंगवायच्या कामावर, माझी सकाळची पाळी चालू होती. शेजारचा भिका आत आला आणि कानाशी म्हणाला, "भाऊ, घर चला. वहिनीले बरं नही." तो अनवाणीच धावत आला होता, तेव्हाच मी समजलो. डॉक्टर म्हणाले, हृदय... मी पोचायच्या आधीच सुमन गेली होती. त्याला आता दीड महिना होईल.

लग्न होऊन धुळ्याकडून सुरतेला आली तेव्हा सुमन फार बोलायची. चाळीतल्या साऱ्या बातम्या मला जेवतानाच कळायच्या. पुढे तिचं बोलणं आटत गेलं. आवाज जाड झाला, चेहरा सुजला. भर मे महिन्यात मी मिलच्या वाफेतून भाजून यावं आणि ही घरात स्वेटर घालून बसलेली. नातेवाईक म्हणाले, सुरत मानवली, आळशी झाली. दोघं एका खोलीत असून मला एकटं वाटायचं; तिला तर माझ्याहून जास्त वाटत असणार. रक्त तपासलं तेव्हा निघालं, थायरॉईड मंदावलंय. गळ्यातली एवढीशी ग्रंथी, पण ती सुस्तावली की अख्खं माणूस थंडावतं. रोज सकाळी अनशापोटी एक गोळी, जन्मभर.

महिने गेले, गोळीची ताकद वाढवली, फरक नाही. अखेर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळी कशाबरोबर घेता?

"चहासंगे," सुमन म्हणाली. "अनशापोटीच. चहा काय खानं शे का?"

आमच्याकडे चहाला खाण्यात कोणी धरतच नाही, उपासालाही चालतो. बाईंनी कपाळाला हात लावला. "बेन, खाली पेट एटले चा पण नहीं." म्हणजे चहासुद्धा नको; गोळी नुसत्या पाण्याबरोबर, चहा अर्ध्या तासानं.

तिच्यासमोर एकट्यानं चहा प्यायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून मीही थांबू लागलो. पाळीवर जायच्या आधी दोघं उंबऱ्याशी बसायचो, कितीतरी दिवस गप्पच. मग एका सकाळी ती म्हणाली, "आयका ना..." आणि समोरच्या बाईच्या पापडांवर मिलची काजळी कशी पडली, ते चहा होईपर्यंत सांगत राहिली. आवाज अजून जाडच होता, पण बोलणं तिचं होतं. त्या दिवशी मी पाळीवर उशिरा पोचलो.

परवा सकाळी भिका आला. मी उंबऱ्याशी बसलेलो, स्टोव्ह थंड.

"भाऊ, चहा नही मांडा?"

"थांब जरा," मी म्हणालो, "आत्तेच तिनी गोळी लिधी..."

भिकाही खाली बसला, तिची जागा सोडून.